मदत हवी आहे: शर्यतीत मला थांबवणाऱ्या स्वयंसेवकांची माफी कशी मागावी आणि आभार कसे मानावेत?

नमस्कार. डोंगरवाटांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये धावलेल्या, आणि विशेषतः तिथे स्वयंसेवक म्हणून उभ्या राहिलेल्या मंडळींकडून मला सल्ला हवा आहे.

मी ४४ वर्षांची असून पुण्यात राहते, सहा वर्षांपासून नियमित धावते आणि रस्त्यावरच्या चार पूर्ण मॅरेथॉन मी धावले आहे. गेल्या डिसेंबरमध्ये सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांना जोडणाऱ्या एसआरटी अल्ट्रामध्ये मी ५३ किलोमीटरसाठी नाव दिले होते. शर्यत मला पूर्ण करता आली नाही. राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या मदतकेंद्रावर स्वयंसेवकांनी मला थांबवले आणि ज्या गृहस्थांनी थांबवले त्यांना मी चारचौघांत फार कडू बोलले. त्यांचे नाव मला माहीत नाही.

जे घडले ते थोडे सविस्तर सांगते, कारण सल्ला देणाऱ्यांना त्याची गरज पडेल.

पहाटेच्या अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात सिंहगड चढताना मी खुशीत होते. कल्याण दरवाजाकडून उतरून धारेला लागल्यावर मात्र पायाखालचा घसारा, अंगावर येणारे वाळके गवत आणि एकामागून एक येणारे चढउतार यांनी माझा सगळा हिशोब चुकवला. रस्त्यावर मला माझा वेग मिनिटासेकंदांत ठाऊक असतो. इथे एका किलोमीटरला कधी नऊ मिनिटे लागत होती, तर कधी पंचवीस. वेगावर ताबा राहिला नाही म्हणून निदान पाणी तरी कमी पडू द्यायचे नाही असे मी ठरवले आणि तहान असो वा नसो, घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी पाणी पीत राहिले. पाठीवरची दोन लिटरची पिशवी मी त्या केंद्रावर पोहोचेपर्यंत तीनदा रिकामी केली होती. हवेत गारवा होता, घाम बेताचाच येत होता, आणि सकाळपासून एकदाही लघवी झालेली नव्हती, याचा अर्थ मला तेव्हा समजला नाही.

केंद्रावर मी पोहोचले ती पुन्हा पाणीच मागत. तिथे बसलेल्या साठीच्या गृहस्थांनी माझा बिब क्रमांक, म्हणजे छातीवर लावलेला धावपटूचा क्रमांक, विचारला, तो मला छातीकडे पाहून सांगावा लागला. डोके दुखत होते आणि मळमळत होते, पण ते मी सांगितले नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली आपली करंगळी घालून पाहिली. ती आत जाईना. सकाळी सैल बांधलेला पट्टा मनगटात रुतला होता आणि अंगठी बोटात घट्ट बसली होती. त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली, मला खुर्चीवर बसवले आणि वॉकीटॉकीवरून डॉक्टरांशी बोलायला सुरुवात केली. वेळमर्यादा संपायला तेव्हा पाऊण तास राहिला होता. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः कधी धावला आहात का? माझी वर्षभराची मेहनत तुम्ही मातीत घालताय." ते एवढेच म्हणाले, "ताई, रागवा, पण बसून रागवा."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी मला पाण्याचा थेंबही दिला नाही. स्टीलच्या पेल्यात अगदी थोडे, पण तोंड वाकडे व्हावे इतके खारट सूप दिले, मीठ चोळलेला उकडलेला बटाटा दिला आणि स्वतःचा पंचा माझ्या मानेवर टाकून ऊन अडवले. गावातल्या दोन मावशी मला आडोशाला नेण्यासाठी थांबून होत्या. लघवी होऊन डोके हलके व्हायला तास लोटला आणि तोवर माझी शर्यत संपली होती.

माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीने नंतर मला समजावले की रक्तातले सोडियम पाण्याने पातळ होऊन १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली गेले की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि माझी सगळी लक्षणे त्याच्याकडे बोट दाखवणारी होती. शर्यतीच्या श्रमांत शरीर लघवीवाटे पाणी बाहेर टाकायला नाखूश असते. अशा वेळी वरून पाणी ओतत राहिले तर मेंदूला सूज येऊन फिट येऊ शकते, आणि यात धावपटू दगावलेलेही आहेत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले होते. मी अधूनमधून इलेक्ट्रॉल घेत असल्यामुळे आपल्याला धोका नाही असे मला वाटत होते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या अशा द्रावणातही सोडियम लिटरमागे ७५ मिलिमोलच असते, म्हणजे रक्तापेक्षा पुष्कळ कमी. मला कमी पडले होते ते पाणी नव्हतेच. त्या वेळी मला हवे ते पाणी देऊन "शाब्बास ताई, पुढे चला" म्हणणारा कोणी भेटला असता, तर मी त्याचे आभार मानून राजगड चढायला लागले असते.

गाडी येईपर्यंत मी तीन तास त्या केंद्रावर बसून होते. एरवी मी अशा केंद्रांवर दोन मिनिटेही थांबत नाही, त्यामुळे तिथले काम मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. एक मुलगी वहीत प्रत्येकाचा क्रमांक आणि आल्यागेल्याची वेळ लिहीत होती आणि मागच्या केंद्रावरून निघालेले सगळे इथे पोहोचले की नाही, हे दर थोड्या वेळाने ताडून पाहत होती. एका क्रमांकाचा मेळ बसेना, तेव्हा दोन मुले हातातला वडापाव तसाच ठेवून उलट्या वाटेने धारेकडे धावत गेली. तो धावपटू पायात गोळा आल्यामुळे एका झाडाखाली बसला होता. सर्वांत शेवटी स्वीपर, म्हणजे शेवटच्या धावपटूमागून वाट आवरत येणारे स्वयंसेवक, आले. त्यांच्या पाठीवर वाटेतल्या खुणेच्या रिबिनी आणि इतरांनी टाकलेली जेलची पाकिटे भरलेले पोते होते. मी ज्यांच्यावर ओरडले होते ते गृहस्थ या सगळ्या वेळात जेवले नाहीत आणि माझ्यावरची नजर त्यांनी काढली नाही. मी माफी मागायला गेले तेव्हा ते दुसऱ्या एका मुलाच्या पायातला काटा काढत होते. मी गाडीत बसले आणि माफी मागायची राहून गेली.

माझे प्रश्न असे आहेत. आयोजकांना पत्र लिहिले तर ते नेमक्या त्या माणसापर्यंत पोहोचते का? त्यांचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकून शोध घ्यावा असे काही जणांनी सुचवले आहे, पण त्यांच्या परवानगीशिवाय ते करणे मला योग्य वाटत नाही. त्या दोन मावशींसाठी काही करायचे असेल तर पैसे देणे त्यांना अपमानाचे वाटेल का? आणि पुढच्या वर्षी मला धावण्याऐवजी अशा केंद्रावर काम करायचे आहे. मला वैद्यकीय ज्ञान नाही, तर तिथे माझा उपयोग होईल का, की अडचणच होईल?

त्या गृहस्थांचा पंचा अजून माझ्याकडेच आहे.

प्रतिसाद

ताई, मी सात-आठ वर्षे वेगवेगळ्या डोंगरी शर्यतींमध्ये मदतकेंद्र सांभाळतो, म्हणून लिहायचे धाडस करतो.

पत्र अवश्य लिहा आणि त्यात तुमचा बिब क्रमांक, केंद्राचे ठिकाण आणि अंदाजे वेळ न विसरता लिहा. कोणत्या केंद्रावर कोण होते याची यादी आयोजकांकडे असते आणि तिथल्या वहीतही तुमची नोंद असणारच. पत्रात माफीपेक्षा काय घडले त्याला जास्त जागा द्या. करंगळी, पट्टा, खारट सूप, हे सगळे जसेच्या तसे येऊ द्या, कारण आम्हाला आमच्या कामाचा शेवट बहुधा कळत नाही. धावपटू समोरून निघून जातो आणि आपण त्याला अडवले ते बरोबर केले की उगाच त्याची शर्यत बुडवली, हा प्रश्न आमच्या डोक्यात कित्येक दिवस राहतो. मी स्वतः एकदा एका मुलाला थांबवले होते आणि ते योग्य होते की नाही हे मला आजही ठाऊक नाही. तुमच्या बोलण्याचे फार मनाला लावून घेऊ नका. सोडियम उतरले की माणूस चिडचिडा होतोच आणि हे तुमच्या त्या गृहस्थांना नक्की माहीत असणार.

मावशींच्या हातावर पैसे ठेवू नका. आधी आयोजकांकडे चौकशी करा, कारण काही ठिकाणी स्वयंपाकाचे आणि वाढण्याचे काम गावातल्या बायकांना रीतसर मोबदला देऊन सोपवलेले असते. तो मोबदला चोख मिळतो का हे विचारणे भेटवस्तूपेक्षा महत्त्वाचे आहे असे माझे मत आहे. भेटायला मात्र जरूर जा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. तिळगूळ आणि वाण घेऊन गेलात तर त्यांना संकोच वाटणार नाही आणि तुम्हालाही वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या जुन्या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाला आधी आठ तास स्वयंसेवा किंवा वाटेच्या दुरुस्तीचे काम करावे लागते. तिथे जेमतेम पावणेचारशे धावपटूंसाठी सुमारे १,५०० स्वयंसेवक राबतात आणि त्यांतले बहुसंख्य लोक डॉक्टर नसतात. आपल्याकडेही अशी अट यावी असे मला मनापासून वाटते. केंद्रावर निदान करायला डॉक्टर असतात, आपण फक्त पाहायचे असते. "बरे आहात ना?" असे कधीही विचारू नका, कारण त्याला प्रत्येक जण हो म्हणतो. किती पाणी प्यायलात, शेवटची लघवी कधी झाली, मागच्या केंद्रावर काय खाल्ले, असे विचारा. उत्तर द्यायला लागणारा वेळही पुष्कळ काही सांगून जातो. पहिल्या वर्षी वही सांभाळण्याचे काम मागून घ्या. वेळ आणि क्रमांक बिनचूक लिहिणारा माणूस मिळणे सगळ्यांत कठीण असते.

पंचा कुरिअरने पाठवू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण इतके मनापासून लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. काल रात्री आयोजकांना पत्र पाठवले; त्यात आपण सांगितल्याप्रमाणे करंगळीपासून सगळे लिहिले आणि मोबदल्याची चौकशीही केली. आज दुपारी उत्तर आले की त्या गृहस्थांना पत्र वाचून दाखवले असून ते येत्या रविवारी त्याच गावात, शर्यतीच्या वाटेवर राहिलेल्या रिबिनी काढायला येणार आहेत. मी आणि माझे यजमान सकाळी सात वाजता तिथे पोहोचत आहोत. पंचा धुऊन, घडी घालून पिशवीत ठेवला आहे; तिळगूळही घेतला आहे.

एवढेच सांगा, रिबिनी काढताना करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्यांत हात घालावा लागतो का? तसे असेल तर बागकामाचे जाड हातमोजे सोबत घेते.