आजार बरा होत नसला तरी मोजमाप कशासाठी?

औषध नसेल तर तपासणीसाठी मुलाला दरवेळी लातूरहून मुंबईला का न्यायचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. ड्युशेन स्नायूक्षयात, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारात, लहान मुलाची हालचाल वाढीच्या जोरावर काही काळ सुधारते आणि साधारण सातव्या वर्षानंतर घसरू लागते. त्यामुळे आजाराच्या स्वाभाविक वाटचालीच्या अनेक वर्षांच्या नोंदी नसतील, तर नव्या औषधाचा गुण आला की मूल केवळ वाढत होते, हे ठरवता येत नाही. शार्को-मारी-टूथसारख्या मज्जातंतूंच्या आजारात तर वर्षभरातला फरक इतका सूक्ष्म असतो, की पोटरीच्या स्नायूंत साचणारी चरबी एमआरआयवर मोजावी लागते. मात्र जमिनीवरून उठण्याचा आणि १० मीटर चालण्याचा वेळ प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणीही नोंदवू शकतो, आणि ती सोय मराठवाड्यात व्हायलाच हवी.