विषय: ईकेजी (हृदयाचा विद्युत आलेख) प्रमाणपत्र – दहा आलेखांची अट कुठे पूर्ण करावी?

प्रेषक: ग्रंथालय समिती

सप्रेम नमस्कार. काकांनी मागे इथल्या, म्हणजे अमेरिकेतील, नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनच्या सीईटी (सर्टिफाइड ईकेजी टेक्निशियन) परीक्षेचे नियम पाठवले, त्याबद्दल आभार. आमच्या वहिनींचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे आणि बारावीच्या गुणपत्रिकेचे अमेरिकी समकक्षतेसाठीचे मूल्यांकनही हाती आले आहे. मात्र प्रत्यक्ष व्यक्तींवर किमान १० ईकेजी काढल्याचा पुरावा लागतो, आणि अभ्यासक्रम चालवणारे सांगतात की ती सोय तुमची तुम्हीच पाहा. गणेशोत्सवातील आरोग्य शिबिरात हे जमेल का?

प्रेषक: आरोग्य शिबिर समिती

शिबिराचे नियोजन आमच्याकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न मंडळाच्या ई-मेल यादीवर येण्यापूर्वी आमच्याकडे यायला हवा होता. शिबिरात आपण रक्तदाब आणि साखर एवढेच तपासतो. ईकेजीसाठी आडोसा लागतो, आलेख तिथल्या तिथे पाहणारा डॉक्टर लागतो, आणि एखाद्याच्या आलेखात दोष दिसला तर त्याला पुढे कुठे पाठवायचे याची जबाबदारी मंडळावर येते. सभागृहाच्या विम्यात हे बसत नाही.

प्रेषक: काका

विम्याचा मुद्दा मान्य आहे, परंतु शिबिराला दरवर्षी डॉक्टर असतातच, मग त्यांच्या देखरेखीखाली स्वेच्छेने पुढे येणाऱ्या सभासदांचे आलेख काढण्यास काय हरकत आहे? वहिनींनी पुण्यात रुग्णालयात हेच काम केले आहे. तो अनुभव जुना असल्यामुळे अनुभवाच्या मार्गाने अर्ज करता येत नाही, म्हणून तर त्यांना अभ्यासक्रम करावा लागला.

प्रेषक: एक सभासद (हृदयरोग विभागात कार्यरत)

काकांशी मी सहमत नाही. १० हा आकडा लहान वाटतो, पण हात बसतो तो शेजारी उभे राहून चूक दाखवणारे कोणी असेल तरच. व्ही-१ आणि व्ही-२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) उजव्या-डाव्या बाजूंना लावायचे असतात. नवशिका ते हमखास वर लावतो, आणि मग निरोगी माणसाच्या आलेखातही जुना झटका येऊन गेल्यासारखे दिसू शकते. उजव्या-डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली की पहिली लीड (आलेखातील पहिली नोंद) उलटी येते. आमच्याकडे अशा आलेखावरून एका आजींना विनाकारण रात्रभर ठेवून घेतले होते, ते मी विसरलेले नाही. गर्दीच्या शिबिरात डॉक्टर हे पाहत बसणार नाहीत. प्रयोगशाळा असलेल्या कम्युनिटी कॉलेजात थोडे शुल्क भरून सराव करावा, किंवा एखाद्या दवाखान्याच्या व्यवस्थापकांना लेखी विनंती करावी.

प्रेषक: खजिनदार

शुल्काचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. प्रमाणपत्र एकदा घेतले की खर्च संपला असे नाही. दर दोन वर्षांनी नूतनीकरण असते आणि त्यासाठी १० निरंतर शिक्षण गुण लागतात. बहुतेक राज्यांत या कामाला सरकारी परवाना लागत नाही, प्रमाणपत्र मागतात ते नोकरी देणारे. त्यामुळे ज्या रुग्णालयात अर्ज करायचा आहे तिथे सीईटी चालते की कार्डिओव्हॅस्क्युलर क्रेडेन्शियलिंग इंटरनॅशनल या दुसऱ्या संस्थेची सीसीटी (याच कामाचे प्रमाणपत्र) हवी, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. वहिनी एच-फोर व्हिसावर (इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असतील तर काम करण्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळा आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने ती मिळत नाही.

प्रेषक: ग्रंथालय समिती

कामाची परवानगी वहिनींकडे आहे. शिबिराचा आग्रह मी सोडते. हृदयरोग विभागातील ताईंनी अशी प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयाचे नाव मला स्वतंत्रपणे कळवावे. वहिनी सोमवारीच तिथे चौकशी करतील.