रॉटरडॅम-अँटवर्पची कोकेन तस्करी: थीसिससाठी माहिती कशी काढू?

मृण्मयी: नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, सध्या नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला क्रिमिनॉलॉजीत मास्टर्स करतेय. थीसिसचा विषय आहे कंटेनर बंदरातून येणारं कोकेन, आणि त्यात बंदरावरच्या साध्या कामगारांचं काय होतं ते. आकडे मिळतायत, बेल्जियममधल्या अँटवर्पला २०२३ मध्ये ११६ टन पकडलं, २०२४ ला ४४ टन. पण माणसं बोलत नाहीत. तीन डॉक कामगारांना भेटले, दोघांनी आधीच नाही म्हटलं, तिसरा विषय काढल्यावर कॉफी अर्धी ठेवून उठून गेला. काय करू?

उरणकर: ताई, मी १४ वर्षं न्हावा शेवाला सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणाऱ्या एजंटकडे, कामाला आहे. तो उठून गेला यात त्याचं काही चुकलं नाही, त्याला तिथेच राहायचंय, पोरं तिथल्याच शाळेत जातात. आमच्याकडेही ऑक्टोबर २०२२ ला पेअर आणि हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमध्ये डीआरआयला (तस्करी पकडणारं केंद्र सरकारचं खातं) ५० किलो कोकेन सापडलं होतं, साउथ आफ्रिकेहून आलेला माल, तेव्हा महिनाभर यार्डात कुणी फळांचं नावसुद्धा मोठ्याने काढत नव्हतं. युरोपोलचा, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलिस संस्थेचा, २०२३ चा बंदरांवरचा रिपोर्ट आधी वाचा. कंटेनर सोडवायचा जो पिन कोड असतो तोच तिकडे चोरीला जातो असं त्यात आहे. म्हणजे भिंत फोडायची गरजच नाही, ऑफिसात स्क्रीनसमोर बसलेला एक माणूस विकत घेतला की झालं, नाहीतर त्याला घाबरवलं. तुमचा विषय तिथेच आहे.

दर्यावर्दी: मी दापोलीचा, रीफर, म्हणजे माल थंड ठेवून नेणाऱ्या, जहाजांवर होतो, इक्वेडोरच्या ग्वायाकिलहून केळी घेऊन युरोपला जायचो. लोकांना वाटतं खलाश्यांना सगळं माहीत असतं, खरं तर आम्ही सगळ्यात जास्त घाबरलेले असायचो, कारण माल सापडला की पहिली चौकशी क्रूची. एकदा सेलिंगच्या आधी एका कंटेनरच्या सीलचा नंबर यादीशी जुळेना, एकच आकडा वेगळा. चीफ ऑफिसरने सगळं थांबवलं. चार तास त्या उन्हात आम्ही उभे, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, माझ्या डोक्यात फक्त घरी काय कळवतील एवढंच. शेवटी यादी टाइप करणाऱ्याची चूक निघाली. पण ते चार तास मी विसरलेलो नाही. क्रूबद्दलही लिहा ताई, ते कुणी लिहीत नाही.

हेगवासी: मृण्मयी, मी इथे कोर्टात दुभाषी आहे. कामगारांच्या मागे लागू नकोस, त्यांनाही धोका आणि तुलाही. डच कोर्टांचे निकाल नेटवर फुकट मिळतात, नावं काढून टाकलेली असतात, पण कुणाला पहिला मेसेज कसा आला, किती पैसे दाखवले, नाही म्हणाल्यावर काय झालं हे सगळं त्यात आहे. २०२१ ला पोलिसांनी स्काय ईसीसी, म्हणजे गुन्हेगार वापरायचे ती गुप्त मेसेजची सेवा, फोडल्यापासून तर चॅट जसेच्या तसे येतात. दुसरं, ‘उइतहालर’ शोध, म्हणजे कंटेनरमधून माल बाहेर काढणारी पोरं, कित्येक तर अजून शाळेतली. २०२२ पासून बंदरात परवानगीशिवाय सापडलं तरी कैद होऊ शकते, आधी नुसता दंड व्हायचा. त्या पोरांचे निकाल वाचताना मला रात्री झोप लागत नाही, खरं सांगते. आणि ते ११६ वरून ४४ जे झालं त्यावरून माल कमी येतोय असं लिहू नकोस हं, पकडलेला माल म्हणजे आलेला माल नव्हे. छोट्या बंदरांकडे वळला असेल, नाहीतर लपवायची पद्धत बदलली असेल, दोन्ही बाजू तपासाव्या लागतील.

मृण्मयी: खूप आभार सगळ्यांचे. मुलाखती थांबवते, उद्या गाइडशी बोलून निकालांवर काम करायची परवानगी मागते. ४४ टनांचं वाक्य मी लिहूनही ठेवलं होतं, आत्ताच खोडलं. दर्यावर्दी दादा, तुमचे ते चार तास नाव न घालता थीसिसमध्ये घेतले तर चालेल का?

दर्यावर्दी: घे. जहाजाचं नाव विचारू नकोस फक्त.