दशावताराला प्रवेश दोन डोसच्या पासवर: गेटची तालीम कशी घ्यावी?

तिठ्यावरून (5 डिसेंबर 2021)
शनिवारी 18 तारखेला देवळासमोरच्या मैदानात दशावतार आहे. 27 नोव्हेंबरच्या राज्य शासनाच्या आदेशाप्रमाणे प्रेक्षक, कलाकार, स्वयंसेवक सगळ्यांचेच कोविड लसीचे दोन डोस आणि त्यावर 14 दिवस झालेले हवेत. उघडी जागा, त्यामुळे क्षमतेच्या 25 टक्के. आमच्याकडे साधारण 400 माणूस. लसीच्या प्रमाणपत्राचा क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन करून आत सोडायचं ठरलंय. रविवारी 12 ला त्याची चाचणी. गेटं दोन, रेंज फक्त पिंपळाच्या बाजूला. चाचणीत नेमकं काय बघावं? आणि फोनमधल्या नेहमीच्या स्कॅनरने कोविनचा (लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलचा) कोड स्कॅन केला की 'पीके'पासून सुरू होणारी अगम्य अक्षरं येतात. कोड खराब आहे का?

खळ्यातला
कोड ठीक आहे. त्यात वेबसाईटचा पत्ता नसतो. नाव, वय, लस, डोसची तारीख ही माहिती डिजिटल सहीसकट झिप करून भरलेली असते, आणि झिप फाईलची सुरुवात 'पीके'नेच होते. म्हणून साधा स्कॅनर गेटवर वापरूच नका. ब्राउझरमध्ये कोविनचं पडताळणीचं पान (व्हेरिफाय डॉट कोविन डॉट गव्ह डॉट इन) आधी उघडा, कॅमेऱ्याला परवानगी द्या आणि त्या पानातूनच स्कॅन करा. याला आणखी एक कारण आहे. कुणी कोडमध्ये नुसता बनावट पानाचा पत्ता भरला, तर साधा स्कॅनर ते पान उघडून हिरवी खूण दाखवेल. कोविनचं पान असला कोड नाकारतं.

चाचणीत खरी प्रमाणपत्रं कमी आणि चुकीची जास्त ठेवा. संबंधितांना विचारून एवढी तरी जमवा: फक्त पहिल्या डोसचं, दुसरा डोस पाच दिवसांपूर्वीचा, दुसऱ्याच माणसाचं, कागदावर नाव बदललेलं पण कोड मूळचा, आणि एक कोड कसल्याही मजकुराचा. यातली पहिली चारही पान 'खरं' म्हणून दाखवेल, कारण सही खरीच आहे! पान सही तपासतं, तुमचा नियम तपासत नाही. डोस किती, तारीख कोणती, नाव ओळखपत्राशी जुळतं का, हे माणसानेच वाचायचं, आणि वाचायचं ते स्क्रीनवरचं, हातातल्या कागदावरचं नव्हे. स्वयंसेवकाने हिरवा रंग बघून चौघांना आत सोडलं, तर चाचणी कामाला आली समजा.

पेट्रोमॅक्स
चाचणी सकाळी घेऊ नका, नाटकाच्या वेळेला, त्याच उजेडात घ्या. लॅमिनेशन केलेल्या कागदावर वरचा हॅलोजन चमकतो आणि कोड वाचला जात नाही. दिवा टेबलाच्या बाजूला, खाली लावा, कागद थोडा तिरका धरा. खाऱ्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या काचेवर चिकट थर बसतो, टेबलावर सुती फडकं हवंच.

कोड फार दाट असतो. झेरॉक्सवाल्याने एटीएम कार्डाएवढा करून दिलेला किंवा व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून फिरून आलेला बहुतेक वेळा चालत नाही. मूळ पीडीएफ किंवा ए-फोर कागद आणायला सांगा. फोनवर दाखवणाऱ्याने ब्राइटनेस पूर्ण वाढवायचा.

वेळ मोजा. 20 माणसं रांगेत उभी करून ओळखपत्रासकट तपासा. माणशी 25 सेकंद लागले तर 400 जणांना 10,000 सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांवर. सगळे शेवटच्या पाऊण तासात येणार असतील तर चार टेबलं लागतील. चारही पिंपळाखाली मांडा आणि दुसरं गेट फक्त बाहेर पडायला ठेवा.

तिठ्यावरून
18 तारखेसाठी दुसरा डोस 4 डिसेंबरचा चालेल ना? आणि म्हाताऱ्या माणसांकडे कागदच नाही, त्यांचं काय?

खळ्यातला
4 ला घेतला तर 18 ला चौदावा दिवस चालू असतो. आदेशात 14 दिवस उलटलेले हवेत असं आहे, तेव्हा 3 डिसेंबरपर्यंतचा धरा आणि ती एकच तारीख प्रत्येक टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवा. रात्री गेटवर कुणी बोटं मोजत बसू नये. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत 84 दिवस लागतात, त्यामुळे 10 सप्टेंबरनंतर पहिला घेतलेल्यांचा दुसरा 3 डिसेंबरपर्यंत झालेलाच नसेल. त्यांना आजच कळवा. देवळापर्यंत चालत आलेल्या माणसाला परत पाठवणं फार वाईट.

सड्यावरची
म्हाताऱ्यांची खरी अडचण ओटीपीची. नोंदणी मुलाच्या नाहीतर नातवाच्या नंबरवर, आणि तो फोन मुंबईत. कोविनवरून प्रमाणपत्र पुन्हा काढायला त्याच नंबरवर ओटीपी जातो, तोही थोडाच वेळ चालतो. म्हणून 13 ते 16 तारखेला वाडीवाडीत दुपारी बसा, तिकडे फोन लावून ओटीपी विचारा, ए-फोरवर प्रिंट काढून तिथेच तपासा. तपासलेल्याला अनुक्रमांक घातलेली चिठ्ठी द्या. रात्री फक्त चिठ्ठी आणि ओळखपत्र बघायचं. ओळखपत्र नोंदणीला दिलेलंच आणायला सांगा, प्रमाणपत्रावर त्याचे शेवटचे आकडे असतात. गावकर, गांवकर असा इंग्रजी स्पेलिंगचा घोळ आला की ते आकडे उपयोगी पडतात.

मुंबईहून येणाऱ्यांनी लोकलसाठी युनिव्हर्सल पास (दोन डोस झालेल्यांना राज्य शासन देतं तो) काढलेला असेल, तोही चालतो. 18 वर्षांखालच्यांना लस नाही, त्यांचं जन्मतारखेचं ओळखपत्र बघायचं. कंपनीचे कलाकार, हार्मोनियम-मृदंगवाले आणि टेम्पोचा ड्रायव्हर यांची प्रमाणपत्रं आदल्या दिवशी मागवा; रंगायला बसल्यावर कोण मोबाईल शोधणार?

आणि एक कळकळीने सांगते: प्रमाणपत्रांचे फोटो वाडीच्या ग्रुपवर मागवू नका. त्यात वय असतं, ओळखपत्राचे आकडे असतात. बघा, चिठ्ठी द्या, कागद परत करा. वहीत फक्त चिठ्ठ्यांचा आकडा लिहा.