डेंग्यूच्या साथीचा हिशोब: रुग्णालयाची बिलं पुरतात का?

प्रश्न: एका शहरातल्या डेंग्यूच्या साथीचा एकूण खर्च काढायचा आहे. रुग्णालयाची बिलं आणि धूरफवारणीचा खर्च हाताशी आहे. आणखी काय धरायला हवं?

प्रतिसाद १: नुसत्या बिलांवर आकडा फारच तोकडा येईल. २०१३ सालासाठीच्या जागतिक अंदाजात डेंग्यूच्या आजारपणाचा खर्च ८.९ अब्ज डॉलर होता आणि लक्षणं दिसलेल्यांपैकी जेमतेम १८ टक्के दाखल झाले होते. ३४ टक्के तर डॉक्टरकडे गेलेच नाहीत. म्हणून दाखल झालेले, बाह्यरुग्ण आणि घरीच बरे झालेले असे तीन गट करा. प्रत्येकाचे तपासणी-औषधं, जाणं-येणं आणि बुडालेले कामाचे दिवस मांडा. सोबत बसणाऱ्याचे दिवस हमखास सुटतात. आजारी लहान मूल असेल तर बुडालेली मजुरी त्याच्या आईबापाचीच असते. विम्याने भरलेलं बिल वजा करू नका, तिथे फक्त पैसे भरणारा बदलतो. पगारी रजेचा दिवस मात्र एकदाच, मालकाच्या खात्यात.

प्रतिसाद २: धूरफवारणीचा खर्च अळीनाशाच्या, म्हणजे साठवलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या मारण्याच्या खर्चात मिसळू नका. धूर फक्त उडत्या डासांना मारतो. दारं-खिडक्या बंद असतील तर घरात, पलंगाखाली बसलेली एडिसची (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची) मादी वाचते. भर दुपारी तापलेल्या हवेबरोबर धूर वर निघून जातो. पिंपातल्या कोषांना (अळीनंतरच्या, डास होण्याआधीच्या अवस्थेला) तर काहीच होत नाही. दोनेक दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. साथ भडकल्यावर धुरासाठीच्या डिझेलवर सगळ्यात जास्त पैसा जातो आणि हाती सगळ्यात कमी लागतं, याचं वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता: मग अळीनाशकाचा खर्च कसा काढायचा?

प्रतिसाद २: साठवणीच्या पाण्याच्या लिटरवर. टेमेफॉस या अळीनाशकाचे १ टक्का दाणे १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. पिंप अर्धं असलं तरी मात्रा पूर्ण क्षमतेची. धुताना दाणे वाहून गेले की पुन्हा टाकावे लागतात, तो खर्चही धरा. अंदाजपत्रकात खरी रक्कम मजुरीची असते, कारण फेरी दर आठवड्याला हवी: अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर काळे ठिपके दिसतात, ती अंडी. कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. काथ्याने आतली बाजू खरवडून घासायची. घरटी त्याला लागणारी मिनिटं मोजा, त्यावरून माणसं किती लागतील ते ठरेल.