घरासाठी पेट्रोलवरचा जनरेटर घ्यायचा आहे, मदत हवी आहे
नमस्कार. यावल तालुक्यातील आमच्या गावी केळीच्या बागा आडव्या करणारे उन्हाळी वादळ आले की तारा तुटून वीज रात्रभर येत नाही आणि वडिलांचा सुमारे 350 वॅटचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पहाटेपर्यंत चालत नाही. सोबत फ्रिज, दोन पंखे आणि जमल्यास 1 अश्वशक्तीची पाण्याची मोटार चालवायची आहे; मात्र मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह घेते, म्हणून 2 केव्हीए पुरेल की 3 केव्हीए घ्यावा? कॉन्सन्ट्रेटरसाठी महाग असला तरी इन्व्हर्टर प्रकारचाच (नाजूक उपकरणांना चालेल अशी स्थिर वीज देणारा) जनरेटर घ्यावा, असे माझे मत आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असल्याने तो घरापासून दूर उघड्यावर ठेवू. चेंजओव्हर स्विचही (घर एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) बसवून घेऊ. जळगाव-भुसावळकडे दुरुस्तीची खात्रीशीर सोय असलेला कोणता जनरेटर आपण वापरता, हे कृपया सांगावे.