मॉडेल रेल्वेचं जुनं एचओ डिझेल इंजिन तापतं, टकटक करतं; त्यातच डीसीसी डिकोडर (रुळातून येणाऱ्या डिजिटल आज्ञा वाचून मोटर चालवणारा छोटा बोर्ड) बसवायचा आहे. मदत हवी आहे

धागाकर्ता
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. इंजिन एचओ मापाचं (१:८७), साध्या डीसीवर चालणारं दोन बोग्यांचं (म्हणजे खाली चाकांचे दोन सांगाडे असलेलं) डिझेल. मध्ये तीन पोलची (फिरत्या भागावर तीन गुंडाळ्या असलेली) उघडी मोटर, दोन्हीकडे शाफ्ट, पुढे वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि बोग्या. चासी धातूची असून मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला घासून वीज देणारा तुकडा) तिलाच टेकलेला आहे. पुढची बोगी उजव्या रुळाची वीज घेते, मागची डाव्या रुळाची.

साधारण ६ व्होल्टपर्यंत इंजिन हलत नाही, मग झटक्यात सुटतं. हळू चालवलं की टकटक आवाज येतो आणि प्रत्येक टकेला पुढची बोगी किंचित उडते. सांध्यावर (जिथे एका रुळमार्गाचे दोन होतात तिथे) हमखास थांबतं. दहाएक मिनिटांत मोटरला बोट लावता येत नाही. एकट्या इंजिनाला १२ व्होल्टवर ०.६ अँपिअर लागतात. हाताशी असलेला डिकोडर सलग १ अँपिअर, क्षणिक २ अँपिअरचा आहे. तो बसवू का?

प्रतिसाद १
इतक्यात नको. आधी यांत्रिक दोष काढा, नाहीतर गिअरचा दोष डिकोडरच्या सेटिंगमध्ये शोधत बसाल.

चाकाच्या एका फेरीला एकच टक येत असेल तर आसेवरचा प्लॅस्टिक गिअर तडकला आहे असं धरून चाला. प्लॅस्टिक वर्षानुवर्षं आकसतं, आतली धातूची आस आकसत नाही, मग गिअर दोन दातांच्या मधल्या खाचेत चिरतो. तिथे दातांमधलं अंतर वाढतं आणि समोरचा दात अडखळतो. बोगी उघडून प्रत्येक आस नखाने फिरवा आणि भिंगातून खाचा पाहा. चिकटवायच्या फंदात पडू नका. या निसरड्या प्लॅस्टिकला गोंद धरत नाही, आणि धरला तरी भोक लहानच राहतं. नवा गिअर घेताना दात मोजा. बाहेरचा व्यास आणि आसेची जाडी व्हर्निअरने घ्या. चाकं परत दाबताना त्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास ठेवा आणि चाक डुलत नाही ना ते पाहा.

जुनं तेल घट्ट होऊन चिकटासारखं बसलेलं असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने सगळं धुवा. मग बेअरिंगला प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा एकेक थेंब, गिअरला पुसट ग्रीस. कम्युटेटरला (मोटरच्या शाफ्टवरच्या ज्या पट्ट्यांवर ब्रश घासतात त्यांना) तेल अजिबात नाही. तो अल्कोहोलने पुसा आणि मधल्या फटींतली काजळी टूथपिकने काढा.

सांध्यावर थांबण्याचं कारण तुमच्या मांडणीतच आहे. एका रुळाची वीज एकाच बोगीवर अवलंबून आहे; सांध्याच्या मधल्या प्लॅस्टिकच्या भागावर ती बोगी गेली की मंडल तुटतं. दोन्ही बोग्यांतल्या इन्सुलेटेड चाकांच्या पाठीला ०.३ मिमी फॉस्फर ब्राँझची तार हलकेच टेकवा. रबरी टायर असलेल्या चाकांकडून वीज मिळत नाही, ती सोडा.

प्रतिसाद २
मोटरबद्दल. ती सुटी करा, पण चुंबक जागचा हलवू नका. जुन्या मोटरमध्ये बहुधा अल्निको असतो. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर काढलं आणि ध्रुवांवर लोखंडी पट्टी ठेवली नाही, तर त्याची ताकद उतरते. सुट्या मोटरला १२ व्होल्टवर किती अँपिअर लागतात? कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांपैकी दोन-दोन पट्ट्यांमध्ये रोध किती येतो? शाफ्ट एक-दोन सेकंद घट्ट धरून प्रवाहही मोजा, मीटर १० अँपिअरवर ठेवून.

धागाकर्ता
पुढच्या बोगीचा एक गिअर खरंच चिरलेला निघाला. सुटी मोटर: ०.४५ अँपिअर, वेग भन्नाट. रोध ६.८, ६.९, ६.८ ओहम. धरून ठेवल्यावर १.७ अँपिअर.

प्रतिसाद २
तिन्ही रोध सारखे, म्हणजे वाइंडिंग ठीक. वेग जास्त, जोर कमी, प्रवाह जास्त: चुंबक थकला आहे. चुंबकाचं क्षेत्र कमकुवत झालं की मोटरची उलटी वीज (फिरताना मोटर स्वतः बनवते ते, पुरवठ्याला विरोध करणारं व्होल्टेज) कमी बनते, म्हणून ती जास्त वेगाने पळते आणि त्याच कामाला जास्त प्रवाह ओढते. त्याच्या जागी निओडिमियम चुंबकाचे तुकडे, उरलेल्या जागेत पोलादी पट्टी, की काम झालं. मग तुमचा डिकोडर चालेल.

प्रतिसाद ३
शेवटच्या वाक्याशी असहमत. चुंबक बदलल्याने चालतानाचा प्रवाह उतरेल, अडकल्यावरचा नाही. तो व्होल्टेज भागिले रोध, चुंबकाचा त्यात संबंधच नाही. डीसीसीच्या रुळावर १४.५ व्होल्ट धरले तर १.७ चे जवळपास २.१ अँपिअर होतात, म्हणजे डिकोडरच्या क्षणिक मर्यादेच्याही वर. शिवाय फार जोरदार चुंबकाने तीन पोलची मोटर कमी वेगात अडखळत फिरते.

प्रतिसाद २
हिशेब मान्य. पण रुळावर मोटर अडकण्याआधी चाकं घसरतात. इंजिन वरून दाबून चाकं घसरताना प्रवाह मोजा, तो खरा आकडा.

प्रतिसाद ३
गिअरमध्ये खडा अडकला की चाकं घसरत नाहीत. माझं मत: सलग २ अँपिअरचा डिकोडर, किंवा पाच पोलची १२ व्होल्ट बंद मोटर. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. शाफ्टचा व्यास जुळवा आणि मोटर सिलिकॉनवर बसवा. सिलिकॉन सुकेपर्यंत दोन्ही शाफ्ट सरळ रेषेत आहेत ना ते बघत राहा.

जुनीच ठेवणार असाल तर चासीला टेकलेला ब्रश वेगळा करणं अनिवार्य. ब्रशधारकाखाली इन्सुलेशन, मोटरला नायलॉनचा स्क्रू, स्प्रिंगवर नळी. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही ब्रश चासीशी आणि प्रत्येक चाकाशी तपासा. एकदाही बीप वाजता कामा नये. मोटरवरचा कपॅसिटर काढा. लाल वायर उजव्या रुळाला, काळी डाव्या, नारिंगी आणि राखाडी ब्रशला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक धन. दिवाही चासीवरून वीज घेत असेल तर तोही तोडा. एलईडी लावून १ किलोओहम रोध द्या.

पहिल्यांदा वीज प्रोग्रॅमिंग रुळावरच (डिकोडरची सेटिंग वाचण्या-लिहिण्यासाठीचा वेगळा रूळ). तिथे प्रवाह मर्यादित असतो, त्यामुळे जोडणी चुकली तरी डिकोडर सहसा वाचतो. सीव्ही १ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग; पहिल्यात इंजिनाचा पत्ता असतो) मध्ये ३ वाचता आला की मुख्य रुळावर न्या. वाचता आला नाही तर आधी मोटरच्या वायर पाहा, कारण उत्तर देताना डिकोडर मोटरमधूनच प्रवाहाचा ठोका देतो.

धागाकर्ता
बंद मोटर आणि नवा गिअर असं ठरवतोय. सुटताना झटका राहिला तर?

प्रतिसाद ३
सीव्ही २ (सुटतानाचं व्होल्टेज) एकेक अंकाने वाढवा, इंजिन पहिल्या पायरीवर जेमतेम सरकेपर्यंत. सीव्ही ३ आणि ४ (वेग वाढण्याचा आणि उतरण्याचा दर) त्यानंतर. मधल्या प्रयोगांत गोंधळ झाला तर बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की मूळ सेटिंग परत येतात. तुमच्या डिकोडरची पुस्तिका एकदा पाहून घ्या.